वाळूतली प्रजाती

सर ब्रशचं टोक जिभेला लावायचे. ते ओलं टोक वाळूवर नेऊन एक कण उचलायचे आणि म्हणायचे, "श्वास नोको सोडू."

मी सोडायचोच. एकदा तर शिंकलो. त्या दिवशी पुरीचा अख्खा किनारा आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीला जाऊन चिकटला.

तुम्ही म्हणाल, चंद्रपुरात समुद्र कुठला? कॉलेजातलं कोणी पुरीला, गोव्याला निघालं की सर त्याच्या हातात रिकामी डबी ठेवायचे. इतरांकडे प्रवासातून प्रसाद येतो, आमच्याकडे वाळू यायची. समुद्रातले एका पेशीचे जीव मरतात आणि त्यांची कवचं त्या वाळूत उरतात, खसखशीहून बारीक. मी प्रयोगशाळेतला परिचर. वाळू धुणं, सुकवणं, चाळणं माझ्याकडे.

"जीव गेला, घर उरलं," सर म्हणायचे. "खोल्या कशा वळल्या ते पाह्य. त्यावरून कुळ समजते."

"माझ्या घरावरून काय समजते, सर?"

"तुह्या घरी खोल्यांपेक्षा भांडणं जास्त. तुह्यं वर्गीकरण होत नाई."

एकदा सरांना एक कवच वेगळं वाटलं. ओळखीच्या प्रजातीसारखंच, पण आकाराने मोठं, आणि मधली पहिली खोली मात्र अगदी बारीक. सरांनी ती नवी प्रजाती ठरवली, परदेशी मासिकात छापून आणली आणि तिला आपल्या मुलीचं नाव दिलं. मुलगी शाळेत असतानाच सिकलसेलने गेली होती. लेख आला त्या दिवशी सरांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, सगळ्या स्टाफला पेढे वाटले. पेढा हातात घेऊन तोंड कसं करावं, ते आम्हा कोणालाच कळेना.

पुढे गोव्याहून एक डबी आली. तिच्यात जुनं आणि नवं, दोन्ही तऱ्हेची कवचं एकत्र होती. सरांनी ती घासून आतून पाहिली. दुपारभर जेवणाचा डबा उघडला नाही. मग म्हणाले, "यांची एक पिढी एका तऱ्हेनं जन्मते, दुसरी दुसऱ्या. म्हणून घरं येगळी दिसतात. मी मायले एका कुळात टाकलं अन् लेकराले दुसऱ्या."

"मग आता?"

"दोन्ही एकच. जुनं नाव राहाते, नवं मिटते. नियम हाय."

नवं नाव कोणाचं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"सर, जगात हे पाहणारे असे किती? राहू द्या ना."

"मी पाह्यलं ना बे!"

एवढ्या वर्षांत सर माझ्यावर तेवढे एकदाच ओरडले. दुसरा लेख लिहून त्यांनी स्वतःच आपली प्रजाती रद्द केली. स्लाइडवरच्या जुन्या चिठ्ठ्या खरवडणं माझं काम. त्या दिवशी ब्लेड त्यांनी मागून घेतलं.

"बाईले सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतो."

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. तेरवीला मी पंगतीत वाढत होतो. एटापल्लीहून आलेल्या बहिणीला बाई सांगत होत्या, "पोरगी गेली, आता हेबी गेले. पन पोरीचं नाव समुद्रातल्या जिवाले देऊन गेले. ते कोणी पुसू शकत नाई." मग माझ्याकडे वळल्या. "काऊन भाऊ, खरं हाय ना?"

माझ्या हातात वरणाची बादली होती.

"खरं हाय, बाई," मी म्हणालो आणि पुढच्या पानाकडे सरकलो.