निरोप माझ्यापाशीच राहिला

नव्वदच्या दशकात मी आमच्या तालुक्याच्या सब-जेलमध्ये शिपाई होतो. कैद्यांना धीर देणं आमच्या कामात कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ते मला जमतं असा माझा समज होता. समज कसला, माज होता म्हणा.

साखरा गावाकडचा एक तरणा मेंढपाळ चराईच्या भांडणात आत आला होता. खटला उभा राहायचा होता. पहिले चार दिवस त्याने भाकरीला हात लावला नाही. मेंढरं कोण बघत असेल, म्हातारी काय खात असेल, एवढंच त्याचं चाललेलं. मी रोज गजापाशी बसून त्याच्या मेंढरांची चौकशी करायचो. पाचव्या दिवशी तो जेवला. पुढं तर आमची गट्टीच जमली.

मग एका सकाळी त्याचा चुलतभाऊ फाटकावर आला. "सायेब, त्याची माय पहाटं गेली. त्याला आणता येईल का? आमी माती थांबवतो."

वरच्या साहेबांकडे अर्ज नेला असता तर बंदोबस्तात नेऊन आणायची परवानगी बहुतेक मिळाली असती. मी अर्ज नेलाच नाही. आत्ता कुठं पोरगं जेवायला लागलंय, चार दिवसांवर जामिनाची तारीख आहे, घरी जाऊन आपल्या माणसांत रडेल, इथं मात्र भिंतीवर डोकं आपटून घेईल, असं मीच ठरवून टाकलं.

"नाही जमायचं," मी म्हणालो. "तुम्ही उरकून घ्या. त्याला मी बराबर सांगतो."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. जामिनाची तारीख पुढे गेली. मध्ये पोळा आला. मी घरून पुरणपोळी नेली. सुतकातल्या त्या पोराने ती मिटक्या मारत खाल्ली आणि म्हणाला, "मायच्या हातची बी अशीच असती, जमादार." शब्द माझ्या ओठांवर आले होते. तरी बोललो नाही. 'इतके दिवस काहून लपवलं?' असं तो विचारेल, याची मला भीती वाटली. तोवर त्याची काळजी मागे पडली होती, मी माझीच कातडी वाचवत होतो.

भेटीच्या दिवशी चुलतभाऊ आला. आदल्या दिवशीच दहावा झाला होता. त्याने जाळीपाशी येऊन टोपी काढली. मेंढपाळ त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघत राहिला.

"कोन गेलं?"

"काकू." चुलतभावाने माझ्याकडे पाहिलं. "ह्याला सांगितलं न्हाई तुमी?"

तो ओरडला नाही, डोकंही आपटलं नाही. मी ज्याला भ्यालो होतो त्यातलं काहीच झालं नाही. मग त्याने मला विचारलं, "जमादार, भाऊ सांगाया आला त्या दिशी मी काय करून राह्यलो व्हतो?"

मला सगळं आठवत होतं. आणखी एक खोटं सहज खपलं असतं, पण जीभ उचलेना.

"मेंढरांच्या नकला करत होतास," मी म्हणालो. "सगळी बराक हसत होती."

"मी बी?"

"तूसुद्धा."

"आन तुमी?"

फाटकावरून परत आलो तेव्हा तो गप्प बसला होता. नकला कर म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो. तेही मी त्याला सांगितलं.