आबांच्या टोपीतलं सरकार

माझे वडील टोपी घालून जेवत. थंडी वाजते म्हणून नव्हे, तर सरकारची गरज कधी कोणाला पडेल याचा नेम नसे म्हणून. आणि सरकार म्हणजे तेच. बोरी अरबजवळच्या आमच्या खेड्यात ते पोस्टमास्तर होते आणि पोस्ट आमच्याच घरात होतं. छप्पन साली आमचं गाव जागचं न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं. त्याच साली आमची पुढची खोलीही जागची न हलता सरकारात गेली.

"टोपी हाय तोवर मी सरकार," आबा म्हणत. झोपताना तेवढी उतरे.

खिडकी दहा ते एक उघडी, असं पाटीवर लिहिलेलं होतं. गाव कशाला पाटी वाचतं! आबांनी पहिला घास घेतला की ओट्यावरून हाक येई, "मास्तर, एक कारड द्या ना." आबा हात धुऊन उठत. आई म्हणे, "अवो, घास तर गिळा." "सरकारले भूक नसते," हे उत्तर ठरलेलं. नसेल बापडी, पण सरकारची लाख आईच्या चुलीवर वितळे, डिंक संपला की खळ आईच शिजवी, आणि सगळं फुकट, कारण ती घरची.

तीच आई पोस्टाच्या खोलीत डोकावली तर मात्र, "हापिसात घरचं काम नाही." दार एकच, पण उघडे ते एकाच बाजूने.

साठ-एकसष्टची गोष्ट. सकाळी थैलीतून आईच्या नावाचं कार्ड निघालं. बाभुळगावहून मामांनी लिहिलं होतं, 'मायची तब्येत लई बिघडली, असशील तशी निघ.' आबांनी त्यावर शिक्का मारला आणि ते पोस्टमनच्या गठ्ठ्यात ठेवलं. आई तेव्हा भिंतीपलीकडे भाकरी थापत होती. पोस्टमन आधी तांड्यावर जाई, मग गावात, आणि आमचं घर सगळ्यात शेवटी, कारण त्याला परत तिथेच यायचं असे. कार्ड आईच्या हाती पडलं तेव्हा सांज झाली होती आणि बाभुळगावची मोटार दुपारीच गेली होती. दुसऱ्या दिवशी ती पोचली, तोवर आजीला नेऊनही झालं होतं.

"तुमाले कारड दिसलं नाही?" परत आल्यावर आईने एवढंच विचारलं.

"दिसलं. पण वाटप झाल्याबिगर कसं देऊ? तवर ते सरकारचं होतं."

आई पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. मी मात्र कित्येक वर्षं आबांवर चिडून होते. शिक्क्याचा आवाज आला तरी माझं डोकं उठे.

सात वर्षांनी आबा निवृत्त झाले. पाटी, तराजू आणि शिक्का नव्या मास्तरांच्या घरी गेले. त्या दुपारी आबा टोपीसकट पाटावर येऊन बसले. आईने गाईचा घास काढला, मला वाढलं, धाकट्याला वाढलं, ओट्यावरच्या गड्यालाही भाकर नेऊन दिली. आबांचं ताट कोरडंच.

"मले वाढतं का नाही?"

"वाटप चालू हाय," आई म्हणाली. "तुमचं घर आखरीले येते."

आबांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि ते थांबले. आईने वाढलं तेव्हा भाकर गार झाली होती. ती खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "चुकलं माह्यं. तुले तवाच सांगाले पाह्यजे होतं."

पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात एवढं पोचायला सात वर्षं लागली.