बाळूदादांचा ‘भोंगा’ ऐकायला जबलपूर

“पासष्टी उलटलेल्या माणसाचं गाणं ऐकायला पाच तास गाडी चालवणार? आणि तेही त्याच्या घशाचं ऑपरेशन झाल्यावर?” आमचे अहो. तोपर्यंत माझी बॅग भरून दाराशी पोचली होती.

‘गेट नंबर सहा’ हा जबलपूरचा बँड. तिथल्या खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतल्या चार जणांनी ड्यूटी सुटल्यावर सुरू केलेला. मी तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढले, त्यामुळे माझ्यासाठी जगात बँड एकच. त्यांचं ‘भोंगा’ नावाचं गाणं होतं. शेवटी बँडचे गायक बाळूदादा फॅक्टरीच्या भोंग्यासारखा एकच उंच सूर असा धरायचे की एकदा शेजारचे काका जेवण अर्धवट टाकून सायकल काढायला धावले होते. आता हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम, असं माझ्या धाकट्या भावानं, नंदूनं फोनवर सांगितलं. मग मी काय घरात वड्या थापत बसणार होते?

नागपूरहून सकाळी लवकर निघा. रस्ता झकास आहे. पेंचच्या जंगलात तो पुलावरून जातो, खालून जनावरं जातात. मला मात्र एक माकड सोडून काही दिसलं नाही. लखनादौनला जबलपूरचा फाटा आठवणीनं धरा, नाहीतर थेट नरसिंहपूरला पोचाल. फाट्याजवळच्या ढाब्यावर सेव-टमाटर आणि तंदुरी रोटी खा. पोट भरतं, खिसा हलका होत नाही. टोल मात्र बरेच लागतात, फास्टॅग भरून ठेवा.

नंदू जबलपुरात कांचघर भागात राहतो. दार उघडून म्हणाला, “अरे ताई, तू सच में आली! मले वाटलं जीजाजी येऊ नाही देणार.”

“काहून नाही येऊ देणार?” जबलपूरची हवा लागली की माझी जीभ आपोआप वळते.

संध्याकाळी खमरियाच्या मैदानात पोचलो. डिसेंबर होता, शाल, कानटोपी सगळं न्या, थंडी हाडात शिरते. या बँडची पद्धत वेगळी. गाणी आधी ठरलेली नसतात. स्टेजसमोर ड्यूटीवर न्यायचा जेवणाचा रिकामा डबा ठेवतात, त्यात फर्माइशीची चिठ्ठी टाकायची. मागाल तेच वाजतं. न मागितलेलं वाजत नाही.

मी ‘भोंगा’ लिहायला घेतलं तसा नंदूनं हात धरला. “ताई, नको ना. दादांचा गला आता वैसा नाही राहिला. काहून बुढ्ढ्या माणसाला परेशान करून राहिली?”

पटलं मला. मी शहाण्यासारखं एक संथ गाणं लिहिलं.

बाळूदादा उभे राहून गायले बरं का, खुर्ची-बिर्ची काही नाही! आवाज खरखरीत झालाय, पण ठसका तोच. एकामागून एक चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्या संथ गाण्यांच्या. शेवटी दादांनी डबा उलटा करून झटकला.

“‘भोंगा’ कोणीच नाही मागितला? काहून? मी मेलो का?”

ते हसत होते, पण चेहरा उतरला होता. तेव्हा मला कळलं की माझ्यासारखाच शहाणपणा सगळ्यांनी केला होता. अशी लाज वाटली म्हणून सांगू!

“दादा, भोंगा!” मी उठून ओरडले. नंदू शाल ओढत होता, ओढू दे म्हटलं.

“चिट्ठी डालो, दीदी. नियम तो नियम है,” दादा माइकवरून म्हणाले.

कागद कुठला? पर्समध्ये औषधाचं बिल सापडलं, त्याच्या पाठीवर काजळाच्या पेन्सिलीनं ‘भोंगा’ लिहिलं आणि सगळ्यांच्या पायांवर पाय देत जाऊन डब्यात टाकलं. दादांनी चिठ्ठी वाचली आणि खिशात ठेवली.

गाणं खालच्या पट्टीत सुरू झालं. शेवटचा सूर आला. चढला, थरथरला, आणि मध्येच तुटला. दादा पाणी प्यायले आणि म्हणाले, “एवढाच उरलाय. घ्या.”

अख्खं मैदान उभं राहिलं. मी रडले, नंदू तर माझ्याहून जास्त रडला.

दुसऱ्या दिवशी भेडाघाटला नावेतून संगमरवराचे कडे बघितले, खोव्याची जिलबी बांधून घेतली आणि परतीला लागले. तुम्ही गेलात तर ती जिलबी चुकवू नका.

घरी अहोंनी पहिली जिलबी उचलली आणि विचारलं, “मग? लागला का तो सूर?”

“अर्ध्यात तुटला.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?”

“म्हटलं होतंत,” मी म्हणाले. “पण जिथे तुटला तिथे दादा स्वतः थांबले. आम्ही तर त्यांना सुरूच करू देणार नव्हतो.”