तळ्याला वाहायचे पैंजण

हट्टी माणसाची भक्तीही हट्टीच असते, हे मी स्वतःवरून सांगते. गेल्या वर्षी ह्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा मी हिमालयातल्या मणिमहेशच्या तळ्यावर गौरीमातेला चांदीचे पैंजण वाहायचा नवस बोलले. आमचं घर चांदीकामाच्या हुपरीचं, ह्यांचा पैंजणांचा छोटा कारखाना आहे. हे बरे झाल्यावर त्यांनी ते पैंजण स्वतःच्या हातानं घडवले, आणि घुंगरं इतकी लावली की मी चिडलेच. "देवीला काय नाचायला जायचंय?" म्हटलं. "अगं, एवढ्या उंचावर तिला ऐकू जायला नगो व्हय?" म्हणाले, आणि सवयीनं पैंजण कानाशी नेऊन वाजवून बघितले.

एक गोष्ट मात्र मी ह्यांच्यापासून लपवली. "उंचावर जायचं असेल तर आधी मला विचारा," असं डॉक्टरांनी मला एकटीला बजावलं होतं. ते नको म्हणतील या भीतीनंच मी विचारलं नाही. देव बघून घेईल, असं स्वतःला समजावलं. खरं तर तो माझा हट्ट होता आणि त्याला मी श्रद्धा म्हणत होते.

गावच्या मंडळींसोबत तळ्यापर्यंत पोचलो. समोर बर्फाचं शिखर, खाली काचेसारखं पाणी. ह्यांनी दोन तांबे अंगावर घेतले आणि ओठ निळे पडले. कसेबसे कपडे चढवून उतरायला लागलो. डॉक्टरांचं बोलणं लपवल्याचं माझं बिंग फुटू नये म्हणून मंडळींना मीच म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, आम्ही येतो सावकाश. थोड्याच वेळात दाट धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. हे एका दगडावर बसले ते उठेचनात. छाती भात्यासारखी हलत होती. मी हाका मारल्या, पण मंडळी लांब गेली होती.

पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला पैंजण लागले. घाबरून वाहायचेच राहिले होते! पैंजण दोन्ही हातांत धरून मी तळ्याच्या दिशेला वळले. "आई, चूक माझी हाय, त्यांची न्हाय. मला काय करायचं ते कर," एवढंच म्हणाले आणि पहिल्यांदाच तिच्याकडं काहीच मागितलं नाही. हात थरथरत होते, घुंगरं वाजत होती, ती मला थांबवता येईनात.

धुक्यातून एक म्हातारा खेचरवाला आला, एका खेचराचा लगाम धरून. त्याचं दुसरं खेचर हरवलं होतं. घुंगरं ऐकून, त्याच खेचराच्या गळ्यातली घंटा वाजतेय असं समजून तो वाट सोडून वर चढला होता. ह्यांच्याकडे एकदा बघून त्यानं काही न विचारता त्यांना खेचरावर बसवलं. खाली यात्रेकरूंच्या दवाखान्याच्या तंबूत डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. तासाभरानं ह्यांच्या ओठांवर रंग आला, तेव्हा मी ह्यांना सगळं खरं सांगितलं आणि पोटभर रडले.

बाहेर आले तर हरवलेलं खेचर तंबूपाशीच चरत होतं. गळा मोकळा. घंटा कुठं गेली, विचारलं. "वो तो परसों ही टूट गई थी, बेटी." मग आवाजामागे कसे आलात? म्हातारा डोकं खाजवत हसला. "तब याद ही नहीं रहा."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी एक पैंजण दोरीत ओवून त्या खेचराच्या मोकळ्या गळ्यात बांधला. मी कचरले. नवस तर तळ्याचा होता. "तिला ऐकू गेलंय की," हे म्हणाले, तशी मीच दोरीची गाठ घट्ट केली.

दुसरा पैंजण आमच्या देव्हाऱ्यात आहे. आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही आणि देवीला अटी घालत नाही. पण हे कारखान्यात नवा पैंजण कानाशी नेऊन वाजवतात, तेव्हा हातातलं काम टाकून मी उभी राहते. हे श्वास घेताहेत ना, तेवढं ऐकते आणि हात जोडते.