धुऊन आलेला डबा

रेणापूरहून लातूरला सकाळची एसटी निघते, तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या जागेत पंधरा-वीस पिशव्या लटकलेल्या असतात. शिकायला तिकडे राहिलेल्या लेकरांचे डबे. लेकरं लातूरच्या स्टँडवर येऊन आपापली पिशवी ओळखून घेतात, आदल्या दिवशीचा रिकामा डबा गाडीत ठेवतात आणि दुपारच्या फेरीला तो आमच्याकडे परत येतो. अकरावीला गेलेल्या माझ्या लेकीचा डबा मीच चढवायचो आणि मीच उतरवून घ्यायचो.

आमचा डबा रोज रिकामा आणि लख्ख धुऊन यायचा. स्टँडवरच्या इतर आयाबाया आपापले डबे उघडून कुरकुरायच्या. कुणाची भाजी तशीच, कुणाची भाकरी कडक झालेली. मी मुद्दाम आमचं झाकण उघडून दाखवायचो. शाळामास्तर आहे, मिरवायची खोड जात नाही. म्हणायचो, आमच्या लेकीची आम्हाला काही फिकीरच नाही, लई समजदार आहे.

एके दिवशी घरी येऊन डबा उघडला, तर तो धुतलेला नव्हता. आत उरलेली भेंडी आणि घडी घातलेली चिठ्ठी. ‘आई, काल फिजिक्सच्या वर्गात मला काहीच कळलं न्हाई. विचारलं तर सगळे हसले. मी बाथरूमात जाऊन रडले. संध्याकाळी फोन कर, नुसतं बोल. आन् भेंडी नको देऊ गं.’

माझं डोकंच फिरलं. एवढ्या-तेवढ्यावरून रडायचं म्हणजे काय? फोन उचलला, तेवढ्यात बायकोनं चिठ्ठी हातातून घेतली. तिनं भेंडी केलीच नव्हती. पिशव्यांची अदलाबदल झाली होती, बाजूच्या गावातल्या कुणाचा तरी डबा आमच्याकडे आला होता. मी मास्तर असून अक्षरसुद्धा नीट बघितलं नव्हतं. जीव भांड्यात पडला. म्हणालो, तरीच, आपली पोरगी असलं काही लिहायची नाही.

बायको चिठ्ठीची घडी घालत म्हणाली, “आपली कवा लिहील हो?”

डबा चिठ्ठीसकट दुसऱ्या दिवशी कंडक्टरकडे दिला, तो ज्यांचा होता त्यांच्या घरी पोचलाही. तो प्रश्न मात्र आमच्याच घरी राहिला.

रविवारी लातूरला गेलो. लेक खोलीतून खाली आली. ओढणीनं बाकडं पुसून मला बसायला दिलं, पाणी आणलं, आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मी विचारलं, कसं चाललंय? बरं हाय. काही त्रास? काही न्हाई. मीही असा विचारत होतो की जणू वर्गातली काच कुणी फोडली त्याचा छडा लावायचाय. पाच मिनिटांत माझी गाडी टेस्टच्या मार्कांवर आली. ती मान डोलवत राहिली. निघताना मलाच म्हणाली, “पप्पा, माझं टेन्शन घेऊ नका.”

परतीच्या गाडीत एक जुनी गोष्ट आठवली. ती दुसरीत होती. शेजारची तिची मैत्रीण वडिलांची बदली झाली म्हणून सामानासकट निघून गेली आणि ही उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडत होती. मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “तू तर समजदार हाईस. समजदार लेकरं रडतेत का?” ती उठली, तोंड धुतलं आणि माझ्यासाठी तांब्या भरून आणला. हा किस्सा मी कैक वर्षं पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगत आलोय. तीही तिथंच उभी राहून ऐकायची.

आमच्या मूळ गावी, नायगावला, माझ्या लहानपणी वडील संध्याकाळी दुकानातून आले की एवढंच विचारायचे, जेवलास का? माझंही लहानपण तेवढ्यावरच निघालं. लेकरांना याहून जास्त काही विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. पण मी तरी कुठं शिकायला गेलो? त्या गाडीत मला माझी लाज वाटली.

समोरासमोर बोलायला गेलो की माझ्यातला मास्तर जागा होतो, म्हणून मी डब्यात चिठ्ठ्या टाकायला लागलो. अभ्यासाचं काही लिहायचं नाही, एवढं ठरवलं. ‘आज एका पोरावर उगीच ओरडलो, घरी आल्यावर वाईट वाटलं.’ ‘घरातल्या तुझ्या खोलीत गेलो होतो, करमलं न्हाई.’ डबे धुऊन येत राहिले, आत काही नाही. बायको म्हणाली, धीर धरा, तुम्ही लावलेली सवय आहे, एका आठवड्यात थोडीच जाईल.

मग एक दिवस मनाचा हिय्या करून लिहिलं, ‘तुझी मैत्रीण गेली तवा तुला रडू द्यायला पाहिजे होतं. मी वह्या खाली ठेवून तुझ्याजवळ बसायला पाहिजे होतं. माझं चुकलं.’ ती पिशवी गाडीत लटकवली आणि गाडी सुटेपर्यंत स्टँडवरच उभा राहिलो.

पुढचे दोन दिवस डबा लख्खच आला. तिसऱ्या दिवशी पिशवी हातात घेतली तर ती जड लागली. मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसून झाकण उघडलं. अर्धी भाकरी तशीच, वांग्याच्या रश्शाचं तेल कडेला थिजलेलं आणि वहीचा फाडलेला कागद.

‘पप्पा, आज जेवू वाटलं न्हाई. डबा धुवावा पण वाटला न्हाई. इथं मला लई एकटं वाटतंय, पहिल्या दिवसापासून. मी समजदार न्हाई. तुम्ही या.’

समोर लातूरची गाडी लागलेली होती. बाजूला कुणीतरी विचारलं, मास्तर, आज तुमचाही डबा खरकटा का? मी मान हलवून ‘हाव’ म्हणालो, झाकण लावलं आणि गाडीत चढून तो डबा मांडीवर घेऊन बसलो.