चर्चच्या मागच्या भिंतीचा चुना

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण इतकी वर्षं हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. आमच्या चर्चची मागची भिंत सिमेंटमुळे उभी नाहीये. ती चुन्यामुळे उभी आहे. सिमेंट आहे ते फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात, जेमतेम एका दाराएवढं, आणि ते तिथं का आहे हे मला पक्कं माहितीये, कारण त्याच्या खालचे सांधे थापी घेऊन मीच भरले होते.

तरी चर्च बघायला नगरहून, पुण्याहून कुणीही आलं की आमचे सेक्रेटरी काका त्यांना मागे नेतात, बरोबर त्याच कोपऱ्याखाली उभं करतात आणि म्हणतात, "कोरोनात पडायला झालती. मी शिमिट मारलं म्हणून हाय." लोक मान हलवतात आणि फोटो काढतात. सिमेंटचा.

तर आता मी सांगते.

आमचं गाव घोडेगावच्या अलीकडे, हायवे सोडून आत. बाजाराच्या दिवशी म्हशींचे टेम्पो आमच्या फाट्यावरून जातात, एवढाच आमचा बाहेरच्या जगाशी संबंध. आणि गावात हे चर्च. काळा दगड, चुन्यातलं बांधकाम, वर कौलं, पुढे घंटेचा बुटका मनोरा. मिशनच्या काळातलं. याचे दगड माझ्या पप्पांच्या पणजोबांनी बैलगाडीतून आणले असं आमच्या घरात सांगतात. गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात हेच सांगतात, त्यामुळे बैलगाड्या बऱ्याच असणार.

लॉकडाऊनच्या आधीच्या हिवाळ्यात या मागच्या भिंतीला पोट आलं होतं. दगडांमधला चुना भुगा होऊन गळत होता आणि मधल्या फटीत पिंपळ उगवला होता, चांगला माझ्या उंचीचा. पंच कमिटीची मीटिंग बसली. सेक्रेटरी काका म्हणाले, "पाडू. स्लॅबचा हॉल बांधू, खाली टाइल टाकू, लग्नाला पन बरा पडंल." सगळ्यांच्या माना डोलल्या. आणि मग माझे पप्पा उभे राहिले. पप्पा शाळामास्तर आहेत, दिवसभर पोरांवर ओरडून ओरडून बाकी ठिकाणी एकदम गप्प असतात. ते म्हणाले, "पावसाळा जाऊ द्या. भिंत मी उभी करतो. पावसात पडली तर सगळंच पाडा, मी परत तोंड उघडणार नाही."

मी तेव्हा पुण्यात नोकरीला. आईनं फोनवर मला सांगितलं, "तुझे पप्पा मीटिंगमधे बोलले," आणि तिचा आवाज असा की जणू पप्पा चक्कर येऊन पडले.

पप्पांनी चुन्याचं काम येणारा एक गवंडी शोधला, मिरजगावकडचा. त्यानं सामान सांगितलं: भट्टीचा कळीचा चुना, वाळू, विटा कुटून केलेली सुरखी, हिरडा आणि गूळ. हो, गूळ. हिरडा आणि गुळाचं पाणी चुन्यात घालतात, त्यानं पकड येते. आमच्याकडे हंगामाचा सण असतो. पहिलं पीक लोक चर्चमधे आणून ठेवतात, ज्वारी, हरभरा, कुणी कोंबडी, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव. त्या वर्षी पप्पांनी सगळ्यांकडे गूळ मागितला. ढेपाच्या ढेपा आल्या. चुन्याच्या गोण्या आल्या. सगळं चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या छोट्या खोलीत रचलं.

आणि लॉकडाऊन लागलं.

गवंडी तिकडं अडकला. रस्त्यांवर बांबू आडवे. मी लॅपटॉप घेऊन गावी आले आणि घरात रेंज नाही म्हणून चर्चच्या पायऱ्यांवर बसून ऑफिसचं काम करायला लागले. म्हणजे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

सेक्रेटरी काका गावाच्या कोरोना समितीवर होते. आणि चर्चची किल्ली त्यांच्याच कमरेला. ही दोन पदं एका माणसाकडे असणं, एवढंच झालं खरं तर.

पहिल्यांदा बाकं गेली. चर्चला लागून शाळा आहे, तिथं मुंबई-पुण्याहून आलेल्यांना क्वारंटाईन करायचं होतं. जमिनीवर कुठं झोपणार, म्हणून चर्चची बाकं नेली. ठीक आहे. मग शिडी गेली, शाळेवर भोंगा बांधायला. मग घमेली गेली. रोज कोणीतरी मास्क हनुवटीवर घेऊन यायचं, "काकांनी सांगितलंय" म्हणायचं आणि काहीतरी उचलून न्यायचं.

एक दिवस मी रेशनला गेले. दुकानापुढे पांढरी वर्तुळं काढली होती, एकेकानं एकेकात उभं राहायचं. माझ्या वर्तुळात उभी राहून फोन बघत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं. काका काठी घेऊन रांग लावत होते.

"काका, हा चुना कुठला?"

"कुठला म्हंजे? चुना हाय."

"चर्चमधला आहे ना?"

"मग? चर्च काय गावाभाईर हाय?"

"भिंतीसाठी आणलाय तो."

"भिंत काय पळून चालली व्हय? हितं मानसं मरायची पाळी आलीय आन् हिला भिंतीचं पडलंय. वर्तुळात ऱ्हा."

मी वर्तुळात राहिले. ते बरोबर होते. दर वेळी ते बरोबरच असायचे, हाच तर त्रास होता. मीपण बरोबर होते, पण माझं बरोबर असणं माणसांबद्दल नव्हतं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलता यायचं नाही. आणि चार दिवसांनी वावटळ आली, सगळी वर्तुळं उडाली, आणि ते परत गोणी न्यायला आले. प्रत्येक वावटळीला आमच्या भिंतीचा थोडा भाग रेशनच्या दुकानापुढून कुठंतरी शेतात उडून जायचा.

मग पाळी आली काढ्याची.

मी पायऱ्यांवर बसून ऑनलाईन मीटिंगमधे होते आणि गुळाचा वास आला. उकळत्या गुळाचा. मागे वळून बघते तर चर्चच्या आवारात तीन दगडांची चूल, वर लग्नातलं पातेलं, आणि डाव घेऊन आमची आत्या. पप्पांची मोठी बहीण, महिला मंडळाची अध्यक्ष, गावात तिला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय.

"आत्या, तो गूळ भिंतीचा आहे."

"भितीला कशाला गूळ? भितीला खोकला झालाय?"

"अगं चुन्यात घालायचाय. हिरडा पण त्यातलाच ना?"

"घातला की. घशाला लई चांगला असतो. त्या शाळेतल्या पोरास्नी कोन इचारतं का? आयबापाला भेटता येईना त्यांना. सरक बाजूला, पातेल्याला हात लावू नको."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण माझा माईक चालू होता आणि पुण्यातल्या अख्ख्या टीमला कळलं की आमच्याकडे भिंत उकळून पितात. आत्यानं मला पेलाभर दिला. चांगला झाला होता. त्याचा मला जास्त राग आला.

संध्याकाळी पप्पांना सगळं सांगितलं. ते उठून उरलेल्या गोण्या मोजून आले. मग म्हणाले, "भिजवून टाकू. भिजलेला चुना कोणी नेत नाही."

इतकी साधी गोष्ट. आम्ही आवारात खड्डा केला, उरलेल्या गोण्या त्यात रिकाम्या केल्या, लांब उभं राहून पाणी सोडलं आणि चुना खदखदायला लागला. मग रोज त्यावर पाणी धरायचं, सुकू द्यायचा नाही. ऑफिसचा कॉल संपला की मी बादली उचलायची.

गवंडीमामा व्हिडिओ कॉलवर. "दाखवा. आनखी खाली. ओ ताई, अंगठा काढा कॅमेऱ्यावरचा. हां. आता त्यात वाळू घ्यायची..." आणि रेंज गेली. वाळू किती घ्यायची हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, तेपण तीन वेगळ्या फोनवर तीन वेगळी उत्तरं. प्रत्येक फोनला आधी ते विचारायचे, "तुमच्यात पेशंट किती?" आणि मग वाळू.

सुरखी कोण कुटणार हा प्रश्न होता. तर शाळेच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं, मुंबईत टेम्पो चालवणारा, आमच्याच गावचा, दाढी वाढलेली. "ओ मॅडम, काय तरी काम द्या. गप्पा मारून मारून तोंड दुखाया लागलं." आम्ही फुटक्या विटा त्यांच्या बाजूला टाकल्या. बाहेर यायची त्यांना बंदी, पण विटांना बंदी नव्हती. दिवसभर ठकठक. तिकडून आवाज यायचा, "पिठावानी पायजे का रव्यावानी?" आणि पप्पांनी तोंड उघडायच्या आत आत्या आवारातून ओरडायची, "रव्यावानी." तिला कोणी विचारलं नव्हतं. पण ती घरोघर फिरून गूळ परत गोळा करून आली होती, कुणाकडून ओंजळभर, कुणाकडून अर्धी ढेप, तोंडाला पदर बांधून, तर आता तिला बोलायचा हक्क आहे असं तिचं म्हणणं.

पप्पांनी पिंपळ मुळासकट काढला. आम्ही जुना भुगा खरवडला, आणि पिंपांवर फळ्या टाकून खालून वर सांधे भरत गेलो. माझ्या बोटांची सालं निघाली, कीबोर्डवर रक्ताचे डाग. आभाळ भरून यायला लागलं तसा आमचा वेग वाढला. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी चुना संपला. एका दाराएवढी जागा राहिली. बरोबर तेवढाच चुना कमी पडला, जेवढा रेशनच्या दुकानापुढे उडाला. मी खरंच झाडू घेऊन तिकडं जायचा विचार केला होता.

भट्टी बंद. आम्ही जेवायला घरी गेलो, परत आलो तर शिडी लावलेली. चर्चचीच शिडी, शेवटी सापडली होती. वर सेक्रेटरी काका, हातात थापी, आणि घरच्या बाथरूमचं उरलेलं सिमेंट.

"काका, चुन्यावर सिमेंट नाही चालत. आत ओल कोंडते."

"आन् मोकळं ठेवलं तर? आज पाऊस हाय. तुमी बसा चुना हुडकत."

परत बरोबर. मला वाटलं पप्पा आता तरी काहीतरी बोलतील. पप्पा पुढे गेले आणि त्यांनी शिडी धरली.

त्या पावसाळ्यात पप्पा रोज सकाळी छत्री घेऊन मागे जाऊन यायचे. चहा थंड व्हायचा. परत यायचे आणि चहा प्यायला लागले की आम्हाला कळायचं भिंत आहे. पाऊस संपला, भिंत होती. मीटिंगमधे पाडायचा विषय निघाला नाही. पप्पा जिंकले हे कुणी म्हणालं नाही, पप्पापण नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि सेक्रेटरी काकांची बायको, आमच्या काकू, गेल्या. नगरला हॉस्पिटलमधे. चर्चमधे प्रार्थनेला पाच-सहा जणच, लांब लांब, पाळकसाहेबांचा आवाज मास्कमधून. आम्ही बाहेर आवारात उभे. काका आत मागच्या भिंतीला टेकून उभे होते, पार कोपऱ्यात. नंतर आत्या त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली, तेव्हा त्यांच्या पाठीला पांढरा चुना लागला होता आणि तो कुणी झटकला नाही.

त्यानंतर ते म्हणायला लागले, मी सिमेंट मारलं म्हणून हाय. म्हणून गावात त्यांना कुणी खोडत नाही. मला कळतं ते. पण तरी.

कारण या वर्षी त्यांनी मीटिंगमधे मांडलं की मागच्या भिंतीला गुण आला, तर बाकीच्या तिन्ही भिंतींना सिमेंट मारून घेऊ. माना डोलल्या. त्याच माना. मला राहवलं नाही. बाहेर पाऊस होता, मी काकांना तसंच मागच्या भिंतीपाशी नेलं. आतल्या बाजूनं, शिडीवर चढवलं, त्यांचा गुडघा दुखतो तरी.

"इथं हात लावा. पलीकडे सिमेंट आहे."

त्यांनी लावला.

"आता खाली. पलीकडे चुना आहे."

त्यांनी लावला. परत वर लावला. परत खाली.

"हितं वल हाय," ते म्हणाले. "खाली कोरडं."

"मग?" मी खालून विचारलं.

"मग म्हंजे हितं शिमिट कमी पडलं."

मी शिडी सोडून देणार होते. देवाशप्पथ. पप्पांनी येऊन दुसरी बाजू धरली. ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलत होते. मग त्यांनी विचारलं, "सेक्रेटरी, पाडायचं तर नाही ना?"

"पाडायचं?" काका खाली उतरत म्हणाले. "कोन म्हनलं पाडायचं? येडा झाला का मास्तर? हे काय पाडायचं हाय व्हय?" आणि ओला हात पँटला पुसला. "तुमाला त्यो चुनाच पायजे आसंल तर आना. पन कोपरा माझा ऱ्हाऊ द्या."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. स्लॅब, टाइल, लग्नाचा हॉल, तारखेसकट. आईशप्पथ, फक्त तोंड उघडायचं होतं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं.

मी पायऱ्यांवर आले, रेंजमधे, आणि भट्टीवाल्याला फोन लावला. चार गोण्या जास्तीच्या सांगितल्या. पप्पा शेजारी येऊन बसले, चप्पल झटकली.

"आल्या की लगेच भिजवू," ते म्हणाले. "आणि आत्याला गूळ दाखवू नको."