मामाचे पऱ्हे अन् माहं गणित

आता हसाल तुम्ही मले, पण सांगूनच टाकते. माह्या शहाणपणानं मामाचा उन्हाळी धान हातचा जाणार होता!

मी नागपूरले कॉलेजात गणित शिकवते. मामाचं गाव साकोलीजवळ, शेत तलावाच्या पाटावर एकदम शेवटी. तिथपर्यंत पाणी पोचता पोचता जीव जाते. म्हटलं, सुट्टीत आलीच आहे तं गणितानं सोडवू. गेट कोणत्या दिवशी किती उघडलं म्हणजे शेवटल्या बांधीले, म्हणजे धानाच्या वाफ्यालेही पाणी भेटते, हे लॅपटॉपले शोधाले लावलं.

असं शोधणारा प्रोग्राम असते, सॉल्व्हर म्हणतात त्याले. तो म्हणे, "उपाय सापडला नाही." दुसरा सॉल्व्हर लावला. नाही! फेऱ्या वाढवल्या, समीकरणं पुन्हा तपासली. नाही म्हणजे नाही!

मंग काय, ओसरीत येऊन जाहीरच करून टाकलं, "मामा, शेवटपर्यंत पाणी पोचूच शकत नाही. गणितानं सिद्ध झालं."

मामाचं तोंड एवढंसं झालं. "तू शिकलेली आहेस बाई. तू म्हनतं तं असंल."

सकाळी उठली तं घर रिकामं. मामा-मामी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून साडूच्या गावाले पाठवाले गेले होते, तिथं तरी पाणी आहे म्हणून! तेवढ्यात पाटकरी श्रावणभाऊ आले. तलावाचं गेट तेच उघडतात. सायकल आपटली अंगणात.

"काहून वं, पानी नाही म्हनून कोनं सांगतलं?"

"मशीननं, भाऊ."

"तलाव अर्धा भरून आहे! दाखव तुही मशीन."

दाखवली. त्यायनं बोट ठेवलं, "हे काय, शून्य, शून्य, शून्य?"

"सुरुवातीचा अंदाज, भाऊ. सारं गेट बंद, पाट कोरडा. तिथून थोडं थोडं सरकत शोधते तो."

"अव्वो! कोरड्या पाटात उभं करून पानी शोधाले लावलं बिचाऱ्याले?"

मी गारच! असं गणित उंचसखल असते. खड्ड्यातून सुरू केलं तं खड्ड्यातच फसते. तो "सापडलं नाही" म्हणते, म्हणजे "नाहीच" असं नाही. अन् हे कोण शिकवते पोरांले दरसाल? मीच ना!

"मागच्या साली किती उघडलं होतं, सांगा बरं."

भाऊले सारं तोंडपाठ. तेच आकडे सुरुवातीले टाकले, अन् चहा निवाच्या आत उत्तर! पाणी शेवटल्या बांधीपर्यंत! पहिले काही दिवस गेट जास्त उघडाचं, बस्स.

चप्पल न घालता पळाली मी. "मामा, थांबा! पाणी आहे!"

पऱ्हे भरलेला ट्रॅक्टर सुरू झाला होता. मामा मटकन शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच बसले अन् हसाले लागले. माहे तं डोळेच भरून आले. सुटली बाप्पा एकदाची!

"मंग काल सिद्ध झालं थे काय होतं?" मामानं विचारलं.

"मशीन म्हणे, मले सापडलं नाही. पाणी पोचतच नाही, हे मी म्हटलं."

"म्हंजे मशीन शहाणी आहे. कॉलेजात तिलेच पाठव शिकवाले. तू इथं रोवण्याले थांब."

थांबली ना! उपटलेले पऱ्हे किती दिवस ठेवणार? पाणी आलं, चिखल झाला, अन् दिवसभर वाकून रोवलं मी. कंबर मोडली. संध्याकाळी पाहते तं मामी माह्याच ओळी पुन्हा लावून राहिली होती.

"काहून वं मामी?"

"पानी तं बराबर आलं बाई. तुहे पऱ्हे तरंगून राहिले!"